मुका मार

माझ्या डाव्या दंडावर चार डाग होते, एकाखाली एक. आतल्या बाजूला पाचवा, जरा मोठा. हा हाताचा पंजा आहे हे कुणालाही कळलं असतं. मला कळायला दोन दिवस लागले, कारण स्वतःच्या अंगावरचे डाग बघणं मी केव्हाच सोडून दिलं होतं.

अकरा वर्षांची असताना मला ऱ्हुमॅटिक फीव्हर झाला. आधी घसा, मग गुडघे, मग सगळं बरं झालं असं सगळ्यांना वाटलं. त्या तापाने हृदयाची मायट्रल झडप खराब करून ठेवली होती, हे चोविसाव्या वर्षी दोन जिने चढून धाप लागायला लागली तेव्हा कळलं. झडप बदलली. नवी झडप कृत्रिम आहे, आणि रात्री घर शांत झालं की तिची टिकटिक ऐकू येते. लग्नानंतर पहिले काही दिवस नवऱ्याला वाटायचं, ही मनगटी घड्याळ घालून झोपते.

अशी परकी वस्तू आत असली की रक्त तिच्यावर गोठायला बघतं. म्हणून वॉरफरिन. रोज रात्री नऊला, जन्मभर. सगळे तिला 'रक्त पातळ करायची गोळी' म्हणतात, पण रक्त पातळ-बितळ काही होत नाही. यकृत व्हिटॅमिन के वापरून रक्त गोठवणारी प्रथिनं तयार करतं, आणि ही गोळी त्या कामात खोडा घालते. मग गोठायला वेळ लागतो. किती, ते आयएनआर नावाच्या आकड्यावरून कळतं. तुमचा १च्या आसपास असेल. माझा २.५ ते ३.५ हवा. खाली गेला तर झडपेवर गुठळी धरायची भीती, वर गेला तर रक्तस्रावाची.

अधेमधे राहिलं तरी डाग पडतातच. ओट्याचा कोपरा, बसमधला दांडा, पलंगाची कड. तुम्हाला लागलेलं कळतही नाही अशा ठिकाणी माझ्या अंगावर दुसऱ्या दिवशी जांभळं उमटतं. मग ते हिरवट होतं, मग पिवळं, मग जातं. (त्वचेखाली सांडलेलं हिमोग्लोबिन शरीर हळूहळू मोडतं, हे रंग त्याचेच.) सुरुवातीला मी फोनमध्ये फोटो काढून ठेवायचे. मग कंटाळा आला. 'कुठे लागलं गं?' या प्रश्नाला 'माहीत नाही' एवढंच खरं उत्तर होतं, आणि ते कुणालाच पटत नाही.

भांड्यांच्या मावशींना तर मुळीच पटलं नाही.

गेल्या जुलैत त्यांनी घासणी खाली ठेवली, हात पदराला पुसले आणि म्हणाल्या, "ताई, एक विचारू का? राग नका धरू. दादा हात उचलत्यात का?"

मी हसले. मोठ्याने. मग झडप, गोळी, सगळं सांगितलं. फाइल दाखवायचीच बाकी ठेवली. मावशींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मीबी असंच सांगायचे. मोरीत घसरले म्हणून. अकरा वर्सं मोरीतच घसरत होते."

यावर काय बोलायचं असतं?

रात्री नवऱ्याला सांगितलं. तोही हसेल असं वाटलं होतं. त्याने माझा दंड दिव्याखाली धरला, आणि बराच वेळ डागांकडे बघून आपली बोटं त्यांच्यावर अलगद ठेवली. बरोबर बसली. दोन-तीन दिवसांपूर्वी रिक्षावाल्याने करकचून ब्रेक मारला होता, मी पुढे जाणार म्हणून त्याने मला धरलं होतं. मी ते विसरूनही गेले होते. म्हणजे डाग बोटांचेच होते, आणि बोटं त्याचीच.

त्यानंतर रस्ता ओलांडताना तो माझ्या शेजारून चालायला लागला, हात खिशात घालून. मी काही म्हणाले नाही. पावसाळ्यातल्या दमटपणात पूर्ण बाह्यांचे कुडते घालायला लागले, त्याच्यासाठी. जिन्यात शेजारच्या काकू भेटल्या की आपण मोठ्याने आणि जास्तच प्रेमाने बोलतोय, हे आम्हा दोघांनाही कळायचं.

आणि या सगळ्यात मी मुख्य प्रश्न विचारलाच नाही. त्याने मला याआधीही कितीदा धरलं होतं. तेव्हा पाच बोटं उमटली नव्हती. मग आत्ताच का?

तो प्रश्नही मावशींनीच विचारला, वेगळ्या तऱ्हेने. दोन दिवसांनी मी पाठमोरी वाकून कपाटातलं काही काढत होते. त्या म्हणाल्या, "दंडाचं समजलं. पाठीवरचं काय मग?"

"पाठीवर कुठे?"

त्यांनी माझाच फोन घेतला आणि फोटो काढून दाखवला. कुडत्याच्या गळ्याखाली, मणक्याच्या उजवीकडे, तळहाताएवढा काळा-निळा पट्टा. तिथे काही लागल्याचं मला आठवत नव्हतं, लागेल असं काही केलंही नव्हतं. मग एकेक आठवत गेलं. चार दिवस दात घासताना फेस गुलाबी येत होता, मी नव्या ब्रशला दोष दिला होता.

संध्याकाळी रिपोर्ट आला. आयएनआर ७.१.

डॉक्टरांनी विचारलं, नवीन काय घेतलंस? काही नाही, म्हटलं. परत विचारलं. काही नाही. तिसऱ्यांदा विचारल्यावर आठवलं, पोट बिघडलं होतं तेव्हा कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून गोळ्या आणल्या होत्या, पाच दिवसांच्या. मेट्रोनिडाझोल. ती वॉरफरिनचा शरीरात होणारा निचरा अडवते, त्यामुळे नेहमीच्याच डोसचा परिणाम वाढत जातो. मेडिकलवाल्याने विचारलं नव्हतं, मी सांगितलं नव्हतं. चार वर्षं मी मेथी-पालक दर आठवड्याला सारखीच खाते (बंद नाही, फक्त सारखी, हे आईला अजून पटलेलं नाही), अंगदुखीला पॅरासिटामॉलशिवाय काही घेत नाही, आणि एका जुलाबाच्या गोळीने दांडी उडवली.

इतकं चढलेलं रक्त पटकन खालीही आणता येत नाही. व्हिटॅमिन के भरपूर दिलं की झडपेवर गुठळी व्हायची धास्ती. म्हणून गोळी बंद, एक रात्र दवाखान्यात, दर काही तासांनी कुणीतरी येऊन डोकं दुखतंय का, लघवी लाल होतेय का विचारणार. मी फोनवर या औषधाचा इतिहास वाचत पडले होते. १९३३च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनचा एक शेतकरी हिमवादळातून गाडी चालवत कार्ल लिंक या शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत पोचला. सोबत मेलेली कालवड, बुरशी लागलेलं गवत, आणि दुधाच्या कॅनमध्ये न गोठणारं रक्त. त्याची जनावरं रक्त जाऊन मरत होती. त्या गवतातून पुढे आधी एक रसायन सापडलं, आणि मग १९४८ साली त्याच घराण्यातलं वॉरफरिन उंदरांचं विष म्हणून बाजारात आलं. माणसांसाठी मंजुरी १९५४ला. उंदरांच्या विषाबद्दल मला आधीच माहीत होतं, सगळे डॉक्टर तो विनोद करतात. त्या रात्री मी अडकले कॅनपाशी. उत्तर सापडत नाहीये, तर निदान रक्त तरी कुणालातरी दाखवू म्हणून एवढ्या बर्फातून निघालेला माणूस.

तिसऱ्या दिवशी आकडा ३.२ झाला.

आता मी नियम केलाय. नडगीवर, कोपरावर, लहानसा डाग असेल तर दुर्लक्ष. पाठीवर, पोटावर, आपण आपटूच शकत नाही अशा जागी आला, किंवा वाढत चालला, किंवा हिरड्यांतून रक्त, पाळीत नेहमीपेक्षा जास्त, तर त्याच दिवशी टेस्ट. डोक्याला मार बसला तर काही वाटत नसलं तरी थेट हॉस्पिटल. नवी गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. चोखायचीही नाही.

नवऱ्याचा हात खिशातून बाहेर यायला दिवाळी उजाडली. लक्ष्मी रोडच्या गर्दीत मीच त्याचा हात ओढून माझ्या दंडाला लावला. दुसऱ्या दिवशी दोन बोटं उमटली, फिकट. आम्ही दोघांनी बघितली आणि चहा ठेवला.

मावशींची अजून पूर्ण खात्री पटलेली नाही. दार त्याने उघडलं की त्या आधी विचारतात, "ताई कुठंयत?" आणि मी दिसेपर्यंत चप्पल काढत नाहीत. पूर्वी मला त्याच्यासाठी वाईट वाटायचं. आता मी काही समजावत नाही. दर सोमवारी त्या आल्या की मी पाठ करते, केस वर धरते, आणि त्या चष्मा लावून मानेपासून खाली बघतात.

"काय न्हाई," म्हणतात, आणि भांड्यांकडे वळतात.