मुलीच्या पिशवीतील नाताळची कादंबरी

मी माझ्या मुलीचे पुस्तक तांदळाच्या डब्यामागे लपवून ठेवले होते. सांगायला लाज वाटते, पण सांगते. कारण माझ्यासारख्या आया घरोघरी आहेत.

धाकटी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. गेल्या डिसेंबरात तिची पिशवी धुवायला काढली, तर आत एक इंग्रजी कादंबरी सापडली. मागचा मजकूर वाचला. नाताळचे दिवस, सोळा वर्षांचा मुलगा आणि सोळा वर्षांची मुलगी. माझ्या छातीत धस्स झाले. मी रुग्णालयात परिचारिका आहे. दुसऱ्या जातीच्या मुलीशी बोलला म्हणून मार खाल्लेल्या आपल्या पोरांच्या जखमा मी या हातांनी धुतल्या आहेत. प्रेम म्हटले की मला आधी टाके आठवतात. त्यातच दिवाळीपासून पोरीचे टुमणे चालू होते, "आई, मी कॉलेज सोडते. पार्लरचा कोर्स करते." मी मनाशी ठरवून टाकले, नक्कीच कोणीतरी मुलगा आहे.

ती दोन दिवस पुस्तक शोधत होती. मी गप्प बसले.

२४ डिसेंबरला माझी रात्रपाळी होती. दरवर्षीच असते. आमच्या वॉर्डातील ख्रिस्ती सिस्टरची नाताळची रात्र मी करते आणि ती माझी १४ एप्रिलची ड्यूटी करते. आमचा हा जुना व्यवहार आहे. मध्यरात्रीनंतर वॉर्ड शांत झाला तेव्हा मी पुस्तक बाहेर काढले. त्यात काय घाण आहे ते तरी पाहू म्हटले.

पुस्तकाचे नाव 'डॅश अँड लिलीज बुक ऑफ डेअर्स'. रेचल कोन आणि डेव्हिड लेव्हिथन या दोघांनी मिळून लिहिलेली ही कादंबरी २०१० साली निघाली. एक प्रकरण मुलगा सांगतो, पुढचे मुलगी सांगते. गोष्ट न्यूयॉर्क शहरातली. लिलीचे आईवडील लग्नाची पंचवीस वर्षे साजरी करायला फिजी बेटांवर गेलेले. डॅशचे आईवडील विभक्त. त्याने आईला सांगितले, मी बाबांकडे आहे. बाबांना सांगितले, मी आईकडे आहे. आणि ऐन सणात तो एकटाच राहिला. 'स्ट्रँड' नावाच्या पुस्तकांच्या दुकानात त्याला फळीवर एक लाल वही सापडते. ती लिलीची. तिच्यात कोडी घातलेली असतात. मग दोघे एकमेकांना न पाहता वहीतून लिहू लागतात, एकमेकांना धाडसाची कामे सांगतात. नाताळचा तिटकारा असलेल्या डॅशला मेसीज या मोठ्या दुकानातल्या सांताक्लॉजकडे जावे लागते.

मला जी भीती होती, तसले त्यात काही आढळले नाही. या पोरांना आधी एकमेकांचे मन कळते, चेहरा नंतर दिसतो. आणि प्रत्यक्ष भेटल्यावर हेही कळते की, वहीतला माणूस आणि समोरचा माणूस अगदी एकच नसतो. आपल्याकडे चहापोह्यांत हे कळायला किती वेळ मिळतो?

सगळेच पटले असे नाही. ही मुले रात्री-अपरात्री शहरभर फिरतात आणि कुणाच्याच घरी महिनाअखेर येत नाही. भाड्याची काळजी नाही, पाण्याची रांग नाही. तरीही ती पोर एकटी आहे हे मला समजले. दहा बाय बाराच्या खोलीत चार माणसे राहत असली, तरीही पोर एकटी असू शकते.

वाचता वाचता माझे लक्ष समासाकडे गेले. पानोपानी पेन्सिलीने, बारीक अक्षरात मराठी अर्थ लिहिलेले होते. अक्षर माझ्या मुलीचे. शेवटच्या कोऱ्या पानावर "मला हे पुन्हा समजावून सांगाल का?" हे वाक्य इंग्रजीत कसे म्हणायचे, ते चार वेळा लिहिलेले होते.

मी पुस्तक मिटले. मुलगी दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकली. कॉलेजात सगळे इंग्रजीत चालते. तिला कॉलेज का सोडायचे होते, ते मला पहाटे तीन वाजता त्या पानावर वाचायला मिळाले. समोर भिंतीवर तारीख होती २५ डिसेंबर. याच दिवशी १९२७ साली महाडला मनुस्मृती जाळली गेली. बाईला विद्या नाकारणारा तो ग्रंथ. दरवर्षी आम्ही बाया त्यावर भाषणे ऐकतो, टाळ्या वाजवतो. आणि मी घरी जाऊन पोरीचे पुस्तक तांदळाच्या डब्यामागे दडवते!

सकाळी घरी आल्यावर पुस्तक तिच्या पुढ्यात ठेवले. ती घाबरली.

"वाचलंस?"

"निम्मं. तुझे अर्थ होते म्हणून जमलं."

ती हसली आणि मग रडली. वर्गात उच्चारांवरून मुली हसतात, म्हणून तिने तोंडच उघडायचे बंद केले होते. या कादंबरीवर २०२० साली मालिका निघाली होती. ती तिने मैत्रिणीच्या मोबाईलवर पाहिली आणि नंतर फोर्टच्या फुटपाथवर हे पुस्तक ऐंशी रुपयांना घेतले. गोष्ट आधीच ठाऊक असली की इंग्रजी सोपे जाते, म्हणाली.

मी म्हटले, "बाबासाहेब १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कला होते. तिथे त्यांनी दोन हजारांच्या आसपास जुनी पुस्तकं विकत घेतली, असं चरित्रात आहे. याच दुकानातून घेतली असतील."

"नाही आई, स्ट्रँड १९२७ साली सुरू झालं. पण तेही जुनीच पुस्तकं घ्यायचे?"

"मग? नवी घ्यायला पैसे कुठे होते?"

थोड्या वेळाने मी धीर करून विचारले, "मुलगा वगैरे काही आहे का?"

"नाही. पण असता तर तुला कसं सांगितलं असतं?"

याचे उत्तर माझ्याकडे नव्हते. शेवटी म्हटले, "आधी मला सांग. मी ओरडेन, पण ऐकूनही घेईन." भीती गेली असे म्हणणार नाही. ज्या जखमा मी धुतल्या, त्या खोट्या नव्हत्या. पण त्या भीतीपायी पोरीचे तोंड बंद झाले, तर तिला वाचवले असे कसे म्हणू?

तिने कॉलेज सोडले नाही. आता सुट्टीच्या दिवशी आम्ही दोघी दोन-दोन पाने मोठ्याने वाचतो. ती माझे उच्चार सुधारते. तिचे बाबा रिक्षा लावून येतात आणि दारात उभे राहून ऐकतात.

भगिनींनो, मुलांच्या पिशवीत पुस्तक सापडले तर लपवू नका, आधी वाचून पाहा. इंग्रजी येत नसेल तर त्यांनाच वाचून दाखवायला सांगा. आणि समासात पेन्सिलीने काय लिहिले आहे, तेवढे जरूर बघा.