दोन्ही बाह्या डाव्या

बाह्या कापून झाल्या, एकीवर एक ठेवून पाहिल्या आणि पोटात गोळा आला. दोन्ही डाव्या हाताच्या होत्या.

ज्यांनी कधी शिवलेलं नाही त्यांना वाटेल, बाही ती बाही, त्यात डावी-उजवी काय? पण ब्लाउजच्या बाहीचा पुढचा मुंढा मागच्यापेक्षा साधारण अर्धा इंच जास्त खोल कापतात. म्हणून दोन बाह्या एकमेकींच्या उलट हव्यात, चपलांच्या जोडासारख्या. कापड दुमडून कापलं की हे आपोआप होतं. मी कापड वाचवायला ते एकेरी पसरलं आणि दुसऱ्या बाहीच्या वेळी कागदाचा नमुना पालथा घालायला विसरले.

साधं कापड असतं तर एक बाही उलटी करून लावली असती. हा खण होता, कर्नाटकातल्या गुळेदगुड्डचा. सुलट बाजूला चमकदार नक्षी, उलट बाजूला सुटे धागे. पन्हा जेमतेम ३१ इंच. उरलेल्या तुकड्यांत तिसरी बाही बसणं शक्यच नव्हतं. शेजारच्या काकूंच्या मुलीचा साखरपुडा आठ दिवसांवर आला होता आणि हा खण काकूंनी तीन वर्षं कपाटात जपून ठेवला होता.

ब्लाउज आईकडे आला होता, माझ्याकडे नाही. आईचं मनगट मोडलं होतं. घर तिच्या मशीनवर चालायचं, माझी कॉलेजची फीसुद्धा. म्हणून सुट्टीत मी बसले होते, यूट्यूब आणि आत्मविश्वासाच्या जोरावर.

आई ओरडली नाही. प्लास्टरातला हात मांडीवर ठेवून तिने बाह्या नीट पाहिल्या. म्हणाली, "बाजूच्या शिवणीत दीड इंच माया आहे. बाहीच्या गोलाईत मात्र माया सोडत नाहीत. आता दुसरीकडून आणावी लागेल."

शिवणीच्या आत राखून ठेवलेल्या जास्तीच्या कापडाला माया म्हणतात. हा शब्द मी लहानपणापासून ऐकत होते. तो किती नेमका आहे ते त्या दिवशी कळलं.

तिने सुचवलेला उपाय असा. चुकलेल्या बाहीची उथळ बाजू आता पुढे येणार होती, ती आणखी खोल कापायची. मागे अर्धा इंच कापड कमी पडणार, म्हणजे हात वर केला की काखेत ओढणार. त्यासाठी उरलेल्या खणातून तीन इंचांचा चौकोन कापायचा आणि काखेत बसवायचा, एक टोक बाहीत, समोरचं टोक बाजूच्या शिवणीत. चौकोन असा टोकावर उभा राहिला की ताण कापडाच्या तिरक्या दिशेने येतो आणि तिरकं कापड थोडं ताणतं. जुन्या पद्धतीच्या कुर्त्यात काखेत असाच तुकडा असतो, त्याला चौबगला म्हणतात.

"आणि दुसऱ्या बाहीलाही घाल," आई म्हणाली. "एकीकडे घातलं तर ठिगळ, दोन्हीकडे घातलं तर पद्धत."

चौकोनाचे कोपरे जीव काढतात. बरोबर टोकावर थांबायचं, सुई कापडातच ठेवायची, फूट उचलून कापड वळवायचं. एक टाका पुढे गेला की चुणी. मी तीनदा उसवलं. चौथ्यांदा जमलं.

ब्लाउज छान दिसत होता. मी म्हटलं, काकूंना कशाला सांगायचं? काखेत कोण बघतंय?

आई म्हणाली, "सांग. आणि शिलाई अर्धीच घे."

मी सांगितलं. काकू गप्प झाल्या. अर्धी शिलाई ठेवून "बघू" एवढंच म्हणाल्या. साखरपुड्यात त्या दोन्ही खांद्यांवरून पदर घेऊन वावरत होत्या. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. पाहुण्यांमध्ये कुणाला काही दिसलं नव्हतं, पण काकूंना माहीत होतं, आणि मला.

दिवाळीच्या आधी काकू आल्या. हातात नवा खण.

"त्या ब्लाउजमध्ये वरच्या फळीवरचा डबा काढताना काखेत अजिबात ओढत नाही गं," त्या म्हणाल्या. "ते चौकोन याही वेळी घाल."

मी खण दुमडला. काकू दारातून परत वळल्या.

"फक्त बाह्या या वेळी दोन्ही हातांच्या काढ."