सपाट शहरातली सायकल आणि कसौलीचा चढ

पुणेकराला चंदिगडला आल्यावर पहिल्याच दिवशी काय जाणवते, सांगू? इथे चढच नाही. आमचे लेक-जावई राहतात ती नॉलेज सिटी म्हणजे चंदिगडला खेटून असलेल्या मोहालीतले ८१ नंबरचे सेक्टर. आपल्या पाषाणला जसे आयसर आहे तसे इथेही आहे, २००७ साली सुरू झालेले. शिवाय नॅनो विज्ञानाची संस्था, अन्न-जैवतंत्रज्ञानाची संस्था, बिझनेस स्कूल, सगळे शेजारी शेजारी. रस्ते रुंद आणि तळहातासारखे सपाट. शेजारच्या चंदिगडची आखणी करताना ल कॉर्ब्युझिएने रस्त्यांचे सात प्रकार ठरवले होते आणि आठवा नंतर खास सायकलींसाठी जोडला गेला. तेव्हा गुडघेदुखीवाल्या माणसाला घेऊन तुम्ही इथे मुक्कामाला येणार असाल तर सायकलीचा विचार जरूर करा.

आम्ही तेच केले. ह्यांचे गुडघे दोन वर्षांपासून कुरकुरत होते आणि त्या नादात घराबाहेर पडणेच बंद झाले होते. जावयाची विद्यार्थीदशेतली गिअरची सायकल बाल्कनीत धूळ खात पडली होती. तिच्या मागच्या चाकात २५० वॅटची मोटर बसवून घेतली, मधल्या नळीवर ३६ व्होल्टची बॅटरी. मोटर २५० वॅटच्या आतली आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असेल तर अशा वाहनाला नोंदणी लागत नाही, हेही चौकशी करून घेतले. मग काय विचारता! भाजीला हे, दुधाला हे, सुखना तलावावर फिरायलाही हेच. सहा महिने आमच्या घरात गुडघा हा शब्द कोणी काढला नाही.

पावसाळा सरला की इथून उत्तरेला डोंगर स्वच्छ दिसू लागतात. तुम्हालाही ते बोलावतील, सावध राहा. ऑक्टोबरच्या एका रविवारी ह्यांनी जाहीर केले की कसौलीला सायकलने जायचे. गाडीत सायकल टाकून परवाणूपर्यंत गेलो. तिथून शिमल्याचा महामार्ग सोडून जंगेशूवरून जाणारा जुना रस्ता धरला, कारण त्यावर ट्रकची वर्दळ कमी. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला दरी आणि सतत वर जाणारी वळणे. मी आणि लेक गाडीतून मागे मागे.

तिसऱ्या किलोमीटरला सायकलचा आवाज बदलला. वेग पंधरावरून सहावर आला, मोटर नुसती गुणगुणू लागली आणि एका वळणावर गप्प झाली. फोनवर पाहिले तर चढ आठ टक्क्यांच्या आसपास होता, म्हणजे शंभर मीटर पुढे गेले की आठ मीटर वर. चाकाच्या मध्यावर हात ठेवला तर चटका बसला. पाच मिनिटांनी मोटर पुन्हा सुरू झाली आणि शंभर पावलांवर पुन्हा बंद पडली. हे काही बोलले नाहीत. सायकल गाडीत चढवताना एवढेच म्हणाले, "विकून टाकू." मला सायकलपेक्षा त्या आवाजाची काळजी वाटली. दोन वर्षांपूर्वी मॉर्निंग वॉक सोडताना तो असाच होता.

तुमच्या सायकलीचे असे झाले तर लगेच मोठी मोटर विकत घ्यायला धावू नका. जावयाने पुढच्या रविवारी जे केले ते आधी करून बघा. सायकल उलटी करून मागचे चाक हाताने फिरवले. ते दोन फेऱ्यांतच थांबले. गाडीतून नेताना ब्रेकची तबकडी जराशी वाकली होती आणि घासत होती. टायरमध्ये हवाही कमी होती. सपाट रस्त्यावर या गोष्टी कळतसुद्धा नाहीत, चढावर मात्र त्या प्रत्येक वॅट मागून घेतात. मग बॅटरी काढून ठेवून कंट्रोलरपासून मोटरकडे जाणाऱ्या तीन जाड तारांचे जोड उघडले. एक जोड तपकिरी पडला होता. सैल जोड तापतो, तापला की आणखी सैल होतो. तो नवा घातला.

बॅटरीवर सगळ्यांचाच आधी संशय जातो. तिची परीक्षा सोपी आहे. ३६ व्होल्टची बॅटरी पूर्ण भरली की ४२ व्होल्ट दाखवते. चालू चढावर आकड्याकडे लक्ष ठेवा. ३९चे ३६ झाले तर हरकत नाही, पण एकदम ३२पर्यंत कोसळले तर बॅटरी थकली आहे असे समजा. आमची ठणठणीत होती.

खरे दुखणे निघाले गिअरमध्ये. मागे सात चक्रे, पण साखळी सगळ्यात लहान चक्रावर अडकलेली. गिअरची तार गंजून घट्ट बसली होती. सेक्टरमधला मिस्त्री हसला. "अंकलजी, इस शहर में गिअर कौन बदलता है?" खरेच होते. सहा महिने हे अंगठ्याने थ्रॉटल दाबत होते आणि पाय नुसते सोबतीला फिरत होते.

इथे थोडे गणित करा, कंटाळवाणे नाही. माणूस, सायकल, बॅटरी, पाण्याच्या बाटल्या धरून आमचे वजन शंभर किलोच्या वर जाते. आठ टक्के चढावर ते ताशी १० किलोमीटरने न्यायचे तर सुमारे २५० वॅट सतत लागतात. मोटर तेवढ्याचीच आहे, मग अडते कुठे? चाकातली मोटर चाकाच्याच वेगाने फिरते, सायकलीचे गिअर तिला काही मदत करत नाहीत. ती बनवलेली असते ताशी वीस-पंचवीसच्या वेगासाठी. सहाच्या वेगाला ती रेटत राहिली की विजेचा मोठा भाग नुसत्या उष्णतेत जातो. तिला हवे असते फिरत राहणे, आणि चढावर ते काम पायांचे. पण पायांनी ते करायचे कसे? पुढे ४४ दाते, मागे १४ असताना ताशी आठच्या वेगाला पेडल मिनिटाला जेमतेम वीस वेळा फिरते. म्हणजे गुडघ्यावर सगळा भार! मागे २८ दात्यांचे चक्र घेतले की तेच पेडल चाळीस वेळा, निम्म्या जोराने.

आपल्याकडे हे सगळ्यांना ठाऊक आहे खरे तर. दिवेघाटात माऊलींच्या रथाला जादा बैलजोड्या लावतात. कर्जत ते लोणावळा गाडीला मागून इंजिने जोडतात. आणि १९०३मध्ये सुरू झालेल्या कालका-शिमला रेल्वेवाल्यांनी तर चढच ३३ला १ ठेवला, त्यासाठी रूळ डोंगरातून ९६ किलोमीटर वळवत नेले. आम्ही मात्र एका अंगठ्यावर कसौली चढायला निघालो होतो.

नवी तार बसली. ह्यांनी आठवडाभर घरासमोर गिअर बदलायचा सराव केला, शेजारची मुले टाळ्या वाजवायची. दुसऱ्यांदा परवाणूला गेलो तेव्हा नियम ठरलेला होता: चढ सुरू व्हायच्या आधी गिअर हलका करायचा, वेग दहाच्या खाली जाऊ द्यायचा नाही आणि चाकाचा मध्य हात ठेवता येणार नाही इतका तापला तर दहा मिनिटे थांबायचे. ते वळण आले. मी गाडीच्या काचेतून बघत होते. साखळी खट्‌कन मोठ्या चक्रावर गेली, पाय भराभर फिरू लागले आणि सायकल वळणापलीकडे दिसेनाशी झाली.

कसौलीपर्यंत मात्र आम्ही सायकल नेली नाही, तुम्हीही हट्ट करू नका. परवाणूहून कसौली हजार मीटरहून अधिक उंच आहे. आमच्यासारखे वजन नुसते हजार मीटर उचलायलाच सुमारे २८० वॅट-तास लागतात आणि बॅटरीत असतात ३६०, त्यातलेही काही उष्णतेत जातात. पायांचा वाटा धरला तरी हिशेब काठावरच. बॅटरी निम्मी झाली तिथे एक चहाची टपरी होती. ह्यांनी स्वतःहून सायकल टेकवली. मी गुडघ्याचे विचारले तर म्हणाले, "तो ठीक आहे, आधी ब्रेकचे बघू." कारण चोवीस किलोची सायकल उतारावर रोखणे हे वेगळेच काम असते; तबकड्या तापल्या होत्या, पॅड झिजत आले होते. ते बदलल्याशिवाय उतरायचे नाही असे लेकीने बजावले. सायकल गाडीत गेली, आम्ही चहा घेतला आणि कसौलीला गाडीनेच वर गेलो. वाटेत हे खिडकीतून प्रत्येक वळण मोजत होते.