इंदिरानगरांतून पांडवलेण्यांकडे

नाशिकच्या इंदिरानगरांतून मुंबईच्या दिशेनें निघालें कीं, लवकरच त्रिरश्मि डोंगरावरील पांडवलेणीं दिसूं लागतात. आम्ही गेलों तें घरच्या टाटा इस्टेट गाडींतून. 1992 सालीं बाजारांत आलेली ही लांबट डिझेल मोटार. मागें सामानास ऐसपैस जागा, त्यामुळें एकत्र कुटुंबास मोठी सोयीची.

15 वर्षांनंतर नोंदणीचें नूतनीकरण करावें लागतें. तेव्हां ती मोडींत घालावी असेंच पुष्कळांचें मत पडलें. अखेर गंजलेला पत्रा कापून नवा जोडला, रंग व आसनें मूळचींच राखलीं. ब्रेकच्या नळ्या, टायर आणि मागील बाकाचे पट्टे मात्र नवे घातले. मुलांच्या जिवाचा प्रश्न असेल तेथें जुन्याचा हट्ट कामाचा नाहीं.

लेणें क्रमांक 20 पाहतांना याच विचारास पुष्टि मिळाली. बोपकि नांवाच्या यतीनें आरंभिलेलें हें काम अनेक वर्षें अपुरें राहिलें. यज्ञश्री सातकर्णीच्या 7 व्या वर्षीं महासेनापति भवगोपाची पत्नी वासु हिनें तें पुरें केलें, असें शिलालेख सांगतो. पुढील काळांत तेंच लेणें आणखी खोल कोरून आंत बुद्धमूर्ति घडविली गेली. आरंभ एकाचा, सिद्धि दुसरीची, वाढ तिसऱ्याची! वाडवडिलांची वस्तु राखणें म्हणजे तरी दुसरें काय?