वडवळच्या बेटावर ‘सालियामो’!

आमच्या चाकूर तालुक्यात एक बेट आहे, पण त्याच्या भोवती पाणी नाही! सपाट रानातून वर आलेली ही टेकडी म्हणजे वडवळ नागनाथचं बेट. गावापासून साधारण 3 किलोमीटरवर. दुर्मीळ औषधी वनस्पतींसाठी ते प्रसिद्ध आहे. म्हणून तिथे गेलं की पानं तोडायची नाहीत, नुसती बघायची. (हे मला दहा वेळा सांगावं लागलं.)

पावसाळा सरता सरता पाचवीची पोरं घेऊन गेलो. निम्म्या वाटेत एकजण दगडावर बसला. मी म्हणालो, “चढ की रे!” तो खाली बघत राहिला. पुढची पोरं म्हणाली, “आमी जातो, तू बस इथंच.” त्याचा चेहरा आणखीच उतरला.

मी हौसेनं इटालियन शिकतोय. सहज सांगितलं, तिकडे एकाला ‘चढ’ म्हणायचं तर ‘सालि’, पुष्कळांना ‘सालिते’. मोठ्या माणसाला आपण ‘चढा’ म्हणतो, ते ‘साल्गा’ म्हणतात. हिंमत द्यायला ‘फोर्त्सा!’ म्हणजे ताकद, जोर लाव. आणि ‘दाइ!’ याचा खरा अर्थ ‘दे’, पण बोलताना ‘चल ना रे!’

“आणि चढू या?” एका मुलीनं विचारलं.

“सालियामो. ‘आम्ही चढतो’ हेसुद्धा सालियामोच. सुरावरून ओळखायचं. मराठीत ‘ऊ या’ लावलं की काम झालं.”

ती मागे फिरली, दगडापाशी गेली. “चल, आपण चढू या. सालियामो!” तो उठला. मग दोघं दर दहा पावलांना थांबत, ‘फोर्त्सा, फोर्त्सा’ करत वर आले. सगळ्यांत शेवटी, पण आले.

वर भाकरी सोडल्या. वारा असा की कागद उडून जात होते. शेंगदाण्याची चटणी बोटानं चाटत त्यानं विचारलं, “सर, इटालियनमधी ‘आमी’ला काय म्हणत्यात?”

“नोई.”

“आन् ‘आपण’ला?”

“तेही नोईच. दोन्हीला एकच शब्द.”

तो जरा वेळ थांबला. “मग तिकडच्या पोराला कसं कळतंय, त्याला धरलंय का सोडलंय?”

मला पटकन उत्तर सुचलं नाही. उतरताना मात्र तोच सगळ्यांच्या पुढे होता, आणि मागे वळून ओरडत होता, “आंदियामो! जाऊ या!”