कोणाचा पठ्ठा?

खासबागेच्या मैदानात एखाद्या नवख्या मल्लाने देखणी कुस्ती केली की प्रेक्षकांतून जो पहिला प्रश्न उठतो तो त्याच्या नावाचा नसतो. ‘कोणाचा पठ्ठा?’ असे विचारले जाते. मग तालमीचे नाव निघते, वस्तादाचे नाव निघते, आणि कुठेतरी कडेला बसलेल्या त्या वृद्ध गृहस्थाला चार माणसे हात धरून आखाड्यात आणतात व फेटा बांधतात. त्या फेट्यासाठी वस्तादाने अर्ज केलेला नसतो. कोल्हापुरात राहिलेल्या माणसाला यात काही नवल वाटत नाही. पण शिक्षकांच्या राष्ट्रीय पुरस्काराची नियमावली अलीकडे वाचनात आली, आणि तेव्हापासून हा फेटा माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

राष्ट्रीय शिक्षक पुरस्कार १९५८ साली सुरू झाला. डॉ. राधाकृष्णन यांचा जन्मदिवस, ५ सप्टेंबर, हा १९६२ पासून शिक्षक दिन म्हणून पाळला जाऊ लागला व त्याच दिवशी दिल्लीत हा सन्मान होऊ लागला. पुढे पुरस्कारांची संख्या वाढत वाढत तीनशेच्या वर गेली. राज्य सरकारांनी नावे पाठवावयाची, व ती कशी पाठवली जातात याबद्दल शिक्षकांच्या खोलीत दबक्या आवाजात चर्चा व्हावयाची. २०१८ साली हे सारे बदलण्यात आले. संख्या पंचेचाळीसपर्यंत खाली आणली गेली, आणि शिक्षकाने स्वतःच संगणकावर आपला अर्ज भरावा अशी पद्धत आली. जिल्ह्याची समिती, राज्याची समिती, शेवटी राष्ट्रीय परीक्षक मंडळ, अशा चाळण्या लागतात. अर्जासोबत कामाचे पुरावे जोडावे लागतात: कागदपत्रे, छायाचित्रे, चित्रफिती.

या बदलाला मी नावे ठेवणार नाही. ज्याचा कोणी पुढारी नातलग नाही, अधिकाऱ्यांच्या दालनात ज्याची उठबस नाही, अशा खेड्यातल्या शिक्षकालाही आता दार उघडे झाले. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले गुरुजी २०२० साली दहा लाख डॉलर्सच्या जागतिक शिक्षक पुरस्काराचे मानकरी ठरले व त्यांनी त्यातली निम्मी रक्कम अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली, तेव्हा उभ्या महाराष्ट्राला आनंद झाला. उजेडात आलेल्या शिक्षकामुळे परितेवाडीचे नाव जगाला कळले, ही काही लहान गोष्ट नाही.

तरीही एक प्रश्न उरतो, आणि तो आमच्या धर्मग्रामातल्या एका बाईंनी माझ्यापुढे आणला. बाई गणित शिकवतात. शाळेचे नाव सांगण्याचे कारण नाही. मुख्याध्यापिकांनी अर्ज भरण्याचा आग्रह धरला म्हणून त्या शिफारशीचे पत्र मागावयास मिस्सानंतर माझ्याकडे आल्या. पत्र लिहून द्यावयास मी आनंदाने तयार होतो, पण बसल्या बसल्या बाईच म्हणाल्या, “फादर, मी उत्तम शिक्षिका आहे, असे मीच कसे लिहू? आणि फोटो कशाचा देऊ? मुलाला अपूर्णांक समजतो तेव्हा तो गप्प होतो. त्या गप्प बसण्याचा फोटो कसा काढायचा?”

मला वाटते, गणित आणि विज्ञानाच्या शिक्षकांची खरी अडचण या एका वाक्यात आली. नाटक बसवले, वृक्षारोपण केले, प्रभातफेरी काढली, तर तिचे चित्र निघते. पण ‘असे का?’ हा प्रश्न एखाद्या मुलाच्या मनात पेरला, तर त्याचा अंकुर दिसावयास वीस वर्षे लागतात, आणि तोवर शिक्षक निवृत्त झालेला असतो. राष्ट्रीय पुरस्कार सर्वसाधारणपणे सेवेत असलेल्यांसाठी आहे. म्हणजे पेरणी पाहून बक्षीस द्यावयाचे. पीक पाहावयास कोणी थांबावयाचे नाही.

हा पुरस्कार सुरू झाला त्या वर्षी नाशिकजवळच्या देवळालीत एक शाळामास्तर गणित शिकवत होते. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. १९३० पासून १९६२ मध्ये निवृत्त होईपर्यंत ते तेथेच शिकवत राहिले. संख्यांशी खेळणे हा त्यांचा ध्यास. वाचकांनी कागद-पेन्सिल घेऊन त्यांचा एक खेळ करून पाहावा. पुरस्काराचेच वर्ष घेऊ, १९५८. त्यातले अंक उतरत्या क्रमाने मांडले तर ९८५१, चढत्या क्रमाने १५८९, वजाबाकी ८२६२. पुन्हा तसेच केले की ६३५४, मग ३०८७, मग ८३५२, आणि शेवटी ६१७४. आता ६१७४ वर तीच क्रिया करा, पुन्हा ६१७४ च येते. चारही अंक सारखेच असलेली संख्या सोडली, तर कोणत्याही चार अंकी संख्येपासून निघा, सात पायऱ्यांच्या आत तुम्ही याच ठिकाणी पोहोचता. जगभरातले गणिती तिला आज कापरेकर स्थिरांक म्हणतात. परंतु १९७५ साली मार्टिन गार्डनर या अमेरिकन लेखकाने आपल्या सदरात त्यांच्यावर लिहिले तेव्हा कुठे त्यांचे नाव सर्वदूर झाले. त्या वेळी कापरेकर सत्तरीचे होते, आणि अपुऱ्या निवृत्तिवेतनामुळे शिकवण्या करून दिवस काढत होते. (आजच्या नियमांत शिकवण्या घेणारा शिक्षक पुरस्काराला अपात्र ठरतो. नियमामागचा हेतू मला मान्य आहे. पण अशा माणसांची आठवण झाली की मन थोडे चुरचुरते.) ‘अध्यापनातील नवोपक्रम’ या रकान्यात त्या मास्तरांनी काय लिहिले असते? ‘मी मुलांना वजाबाकी करावयास सांगतो’?

आणि जे शाळेत शिक्षक म्हणून नाहीतच, त्यांचे काय? डॉ. जयंत नारळीकर आपल्या कोल्हापूरचे. १९३८ साली त्यांचा जन्म येथे झाला, २०२५ च्या मे महिन्यात ते पुण्यात निवर्तले. त्यांचे बालपण गेले बनारसला, जेथे त्यांचे वडील विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक होते. मोरेश्वर हुजूरबाजार हे त्यांचे मामा तेथे शिकावयास येऊन राहिले. घरातल्या भिंतीवर फळा होता. हा मोरूमामा त्या फळ्यावर गणिताचा एक अवघड प्रश्न लिहून ठेवी, भाच्याला आव्हान म्हणून. आणि भाचा तो सोडवीपर्यंत किंवा हार मानीपर्यंत तो प्रश्न पुसला जात नसे. ही आठवण स्वतः नारळीकरांनी सांगितली आहे. केंब्रिजचे मानसन्मान, विश्वाच्या उत्पत्तीवरचे संशोधन, मराठीतल्या विज्ञानकथा, या साऱ्यांच्या मुळाशी तो न पुसलेला फळा आहे असे म्हटले तर अतिशयोक्ती होईल काय? केंद्र सरकारने २०२३ साली जाहीर केलेल्या व २०२४ पासून दिल्या जाणाऱ्या राष्ट्रीय विज्ञान पुरस्कारांचे चार प्रकार आहेत: रत्न, श्री, युवा आणि संघ. संशोधकांचा त्यांत यथोचित गौरव आहे. पण फळ्यावर प्रश्न लिहून ठेवणाऱ्या मोरूमामासाठी पाचवा प्रकार नाही. अमेरिकेत गणित-विज्ञानाच्या शिक्षकांसाठी राष्ट्राध्यक्षांच्या नावाचा पुरस्कार १९८३ पासून आहे, आणि शाळेबाहेर मुलांचा हात धरणाऱ्या मार्गदर्शकांसाठी त्यांनी पुढे एक वेगळा सन्मान ठेवला. ही कल्पना मला उचलण्याजोगी वाटते.

ग्रेगोर मेंडेल हा तर आपल्याच घरातला. हा ऑगस्टिनियन मठवासी धर्मगुरू ब्रनो शहरातल्या शाळेत चौदा वर्षे विज्ञान शिकवत होता, आणि तेही बदली शिक्षक म्हणून, कारण शिक्षकाच्या पात्रता परीक्षेत तो दोनदा अपयशी ठरला होता. मठाच्या बागेतल्या वाटाण्यांतून त्याने आनुवंशिकतेचे नियम काढले. जगाला त्यांचे मोल कळले १९०० साली, त्याच्या मृत्यूनंतर सोळा वर्षांनी. कोणत्याही समितीने त्याचा अर्ज पहिल्याच टेबलावर परत केला असता.

बाईंचा संकोच मला समजला, पण त्यांचे म्हणणे सगळेच पटले असे नाही. डोंगरावरच्या प्रवचनात प्रभू येशूने दोन्ही गोष्टी सांगितल्या आहेत. दानधर्म गुप्तपणे करावा, हे तर आपण सारे जाणतोच. पण त्याच प्रवचनात थोडे आधी, दिवा पेटवून कोणी मापाखाली ठेवत नाही, हेही आहे. पुष्कळदा आपण विनयाच्या नावाखाली दिवे मापाखाली घालतो. बाईंना मी हेच म्हणालो. त्यावर त्या हसून म्हणाल्या, “पण फादर, दिवा स्वतः उठून दिवठणीवर जाऊन बसत नाही. कोणीतरी तो ठेवायचा असतो.”

सेमिनरीत वर्षानुवर्षे शास्त्राध्ययन केलेल्या माणसाला हे उत्तर निरुत्तर करणारे होते. आणि मग माझ्या ध्यानात आले की, माणसाचे मोठेपण पारखण्याची एक जुनी रीत ख्रिस्तसभेपाशी आहेच. संतपदासाठी कोणी स्वतः अर्ज करीत नाही. मृत्यूनंतर सामान्यतः पाच वर्षे थांबावयाचे, म्हणजे तात्कालिक उमाळा ओसरतो. मग त्या व्यक्तीला ओळखणाऱ्यांच्या साक्षी घ्यावयाच्या. अनुकूल तशा प्रतिकूलही. पोप सिक्स्टस पाचवे यांनी १५८७ साली तर विरुद्ध बाजू मांडणारा एक अधिकारीच नेमला. लोक त्याला ‘सैतानाचा वकील’ म्हणू लागले. १९८३ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी ही सगळी प्रक्रिया सुटसुटीत केली, तरी साक्षींचे महत्त्व कमी झाले नाही. कोलकात्याच्या मदर तेरेसा यांच्या बाबतीत पाच वर्षांची अट शिथिल झाली. पण त्यांचे कडवे टीकाकार ख्रिस्तोफर हिचन्स यांनाही साक्षीसाठी बोलावण्यात आले होते. मदर तेरेसांचा सण येतो तोही ५ सप्टेंबरलाच. गरिबांच्या वस्तीत जाण्यापूर्वी जवळजवळ वीस वर्षे त्या कोलकात्यात शाळेत शिकवीत होत्या, हे आपण त्या दिवशी क्वचितच आठवतो.

शिक्षकांना संत करावे असे मला सुचवावयाचे नाही. मुख्याध्यापक आणि संस्थाचालक तसे होऊ देणार नाहीत! पण साक्ष घेण्याची रीत घेता येईल. दहा-पंधरा वर्षांपूर्वी शाळा सोडलेल्या विद्यार्थ्यांनी नाव सुचवावे. आणि त्यांत केवळ अभियंते व डॉक्टर नकोत, गणितात नापास झालेलाही हवा. शास्त्रज्ञ घडवणे हे मोठेच. पण ज्याला शास्त्रज्ञ व्हावयाचे नव्हते त्याच्या डोक्यातली भीती कोणी काढली, हे त्या नापास मुलालाच ठाऊक असते. निवृत्तांना दार बंद असू नये. आणि पदकासोबत त्या शाळेच्या प्रयोगशाळेला काही मिळावे, कारण परीक्षानळ्या नसलेल्या शाळेत विज्ञानशिक्षकाचा सत्कार करणे हे उपाशी माणसाला शाल पांघरण्यासारखे आहे.

दिल्लीचे दिल्लीत. आमच्या धर्मग्रामात शिक्षक दिनाला दरवर्षी वेदीसमोर सर्व शिक्षकांना नारळ व गुलाब देण्याची प्रथा आहे. गेल्या वर्षी आम्ही एवढेच केले की, ऑगस्ट महिन्यात माजी विद्यार्थ्यांकडून पत्रे मागवली. कोणत्याही धर्माचे, कोणत्याही गावचे. पत्रे थोडी आली, आणि बहुतेकांत ‘वंदनीय’, ‘प्रातःस्मरणीय’ अशी पेठेतली विशेषणे होती. एक मात्र वेगळे होते. पंचगंगेकाठच्या एका गावातल्या ऊस उत्पादक शेतकऱ्याचे. दहावीला गणितात तो एकदा नापास झाला होता. बाईंनी त्याला सुट्टीत घरी बोलावून शेकडेवारी शिकवली, पुस्तकातल्या नफा-तोट्यावर नव्हे, तर त्याच्या वडिलांच्या उसाच्या बिलावर. सव्वादहा टक्के उतारा मूळ धरला, तर त्यावरच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला टनामागे किती वाढ मिळावयास हवी, हा हिशेब आता तो स्वतः मांडतो, आणि गल्लीतले दहा-बारा शेतकरी आपापली बिले घेऊन त्याच्या ओसरीवर येतात. पत्राच्या शेवटी त्याने नमुन्यादाखल एक हिशेब करून दाखवला होता.

मिस्सानंतर मी ते पत्र वाचून दाखवले व बाईंच्या हाती दिले. त्यांनी चष्मा लावला, सावकाश वाचले, पर्समधून पेन काढले, आणि हिशेबातले दशांशचिन्ह एक घर डावीकडे सरकवले. मग पत्राची घडी घालून म्हणाल्या, “रीत बरोबर आहे त्याची.”