कयाधूकाठचे सापळे आणि बिळे

हिंगोलीहून नर्सीकडे निघालं की कयाधूचं खोरं सोबतीला असतं. दिवाळी उलटलेली, सोयाबीन निघून रानं मोकळी झालेली, तुरी फुलोऱ्यात आणि मधून मधून कपाशीचे पांढरे पट्टे. नर्सी हे संत नामदेवांचं गाव. तिथं माथा टेकून आम्ही सेनगावच्या बाजूला लागलो. १ मे १९९९ ला परभणीतून हा जिल्हा वेगळा निघाला, पण माणसं अजून परभणीच्या विद्यापीठाला आपलंच मानतात.

वाटेतल्या एका कपाशीत कामगंध सापळे टांगलेले होते. मालक म्हणाले, "साहेब, काल तीन पतंग होते, आज अकरा. म्हणजे बोंडअळी चौपट झाली का?"

प्रश्न मोठा मार्मिक आहे. सापळा शिवारातले पतंग मोजत नाही. मादीच्या वासाला भुलून आलेले नर तेवढे त्यात पडतात. अंडी घालणारी मादी त्यात येतच नाही. जोराचा वारा सुटला, पाऊस झाला की आकडा खाली येतो. ल्यूर जुनी झाली की वास उतरतो आणि पतंग असूनही सापळा रिकामा दिसतो. शिवारात माद्या फार झाल्या, तर खऱ्या मादीपुढं रबराच्या मादीला कोण विचारतो! शिवाय बांधावर पऱ्हाटी रचलेली असली किंवा जिनिंग जवळ असलं, तर तिथलेही पतंग येतात.

मग सापळा लावायचाच कशाला? गळक्या अधोलीनं रोज धान्य मोजलं, तरी कालच्यापेक्षा आज कमी की जास्त हे कळतं. अट एकच, अधोली तीच हवी आणि भोक रोज मोठं होता कामा नये. सापळ्याची जागा, पिकावरची उंची, मोजायची वेळ बदलायची नाही, ल्यूर मुदतीत बदलायची. एका रात्रीवर जायचं नाही. सलग तीन रात्री दर सापळ्यात आठ पतंग, हा गुलाबी बोंडअळीचा इशारा आहे. इशारा मिळाला की शेतातली वीस हिरवी बोंडं तोडून फोडायची. दोनांत अळी निघाली, तर फवारणीचा विचार.

आम्ही तिथंच वीस बोंडं फोडली. एकात अळी निघाली. पंप घरीच राहिला, सापळा मात्र रोज पाहायचं ठरलं. २०१७ साली बोंडअळीनं कपाशी खाल्ली आणि त्याच हंगामात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं दगावली. नुसत्या आकड्याला भिऊन पंप पाठीवर घेणं किती महाग पडतं, ते या भागाला सांगायला नको.

वाघांच्या बाबतीतही हेच झालं. ठशांवरून वाघ मोजायची जुनी रीत सरिस्काच्या २००५ च्या प्रकरणानंतर मागं पडली आणि कॅमेरे आले. २०१९ मध्ये टिपेश्वरचा एक तरुण वाघ आपल्या जिल्ह्यातूनही चालत गेला. गळ्यात पट्टा होता म्हणून त्याची वाट कळली!

परतताना औंढ्याच्या अंगाला उंदरांचा विषय निघाला. तिथल्या वहिनींनी बांधावरची बिळं मोजून ठेवली होती, पण उघडी दिसणारी सगळीच. संध्याकाळी सगळी बिळं मातीनं बुजवायची आणि सकाळी जी उकरलेली दिसतील तीच जिवंत धरायची. तरीही पाच तोंडं म्हणजे पाच उंदीर नव्हेत. एकाच घुशीच्या बिळाला अनेक तोंडं असतात. आमिष टाकण्याआधी आणि नंतर त्याच रीतीनं मोजलं, तर फरक कळतो. पण मध्येच हरभऱ्याला पाणी दिलं की उंदीर वाफ्यातून बांधावर सरकतात. वाफ्यातली बिळं घटतात आणि मेलेलं काहीच नसतं.

वहिनी म्हणाल्या, "मग बांध आणि वाफा वेगळाच मांडते." आणि त्यांनी वहीचं पान मधोमध दुमडलं.